पांढरा कॅन, पांढऱ्या पताका आणि माझी डावी किडनी

मेदवच्चिय,
मंगळवार

प्रिय अक्का,

बुद्धाचं शरण तुला लाभो. (मी स्वतः कुणाला शरण गेलेलो नाही हे तुला ठाऊक आहे, पण या ओळीशिवाय सुरू झालेलं पत्र तू थेट चुलीत घालतेस.) तुझं जेवण, झोप, पायांची सूज, भावोजींचा खोकला, सगळं बरं ना? शनिवारी डायलिसिसनंतर तुला चक्कर आली असं कळलं. पाणी मोजूनच पितेस ना? आम्ही इकडे सुखरूप आहोत, आणि मी तर इतका सुखरूप आहे की कालपासून एका जागी बसवत नाही.

फोन करत नाही, कारण फोनवर तू माझं पहिलं वाक्य ऐकतेस आणि दुसऱ्या वाक्याला फोन भावोजींच्या हातात देतेस. तेव्हा मुद्द्यावर येतो. तू माझ्या बायकोजवळ, सोमाजवळ, निरोप दिलास: "मल्लीला, माझ्या धाकट्या भावाला, सांग, मला त्याची किडनी नको. दान देणाऱ्याचं मन देण्याआधी, देताना आणि दिल्यावर, तिन्ही वेळा आनंदी लागतं. हा तर भ्यालाय. भिऊन दिलेलं अंगी लागत नाही." अक्का, मी विचारतो, कोण भ्यालंय? ज्याने तीस वर्षं इथपासून तुमच्या पदवियापर्यंत प्रत्येक आठवडी बाजारात टेबलावर चढून सांगितलं की निसर्गाने माणसाला दोन किडन्या दिल्या, त्यातली एक आपली आणि एक समाजाची, तो कपुरुबंडा मास्तर भिईल? तुझ्या दोन्ही गेल्या, माझ्या दोन्ही शाबूत. रक्त जुळलं, बाकीचंही जुळलं, पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. बरगडीखाली थोडं कापतात, एवढंच. (नेमकं कुठल्या बरगडीखाली, हे मी डॉक्टरांना चार वेळा विचारलं, ते केवळ ज्ञानासाठी.) मी भ्यालेलो नाही याचा पुरावा म्हणून कालचा सबंध दिवस तुझ्यापुढे मांडतो. न्याय तूच कर.

(आलो. जरा उठावं लागलं. का, ते पुढे कळेल.)

ऑपरेशनआधीची शेवटची तपासणी अशी की चोवीस तासांची सगळी लघवी साठवून इस्पितळात न्यायची. त्यांनी दिलेली बाटली मला अपुरी वाटली (भीतीने माणूस फार पाणी पितो, म्हणजे तहानेने), म्हणून मी घरातला पाच लिटरचा पांढरा कॅन घेतला. आता आपल्या भागात किडनीच्या आजाराच्या धास्तीने विहिरीचं पाणी तोंडाला लावायला कुणी धजत नाही. प्रत्येक सायकलला, प्रत्येक दारात, प्रत्येक चुलीपाशी फिल्टरच्या पाण्याचा तसाच पांढरा कॅन. (या पाण्यासाठी मी केलेली भाषणं साठवली असती तर गावचा तलाव भरला असता. फिल्टर मात्र शेवटी देवळातल्या भन्तेंनी न बोलता बसवला, तो विषय वेगळा.) सोमा म्हणाली, "कॅनवर काहीतरी लिहून ठेवा." मी म्हणालो, "सुशिक्षित घरात वस्तूंना पाट्या लागत नाहीत." पहाटे अंधारात स्वयंपाकघरातून कॅन उचलला आणि पहिली बस धरली.

बसमध्ये कॅन मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या म्हातारीला ठसका लागला. "मास्तर, घोटभर पाणी द्या हो." मी कॅन छातीशी धरला. "आजी, हे पाणी नाही!" "मग काय ताडी आहे का?" सगळी बस हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "पाण्यावर तीन तास बोलतील, घोटभर देणार नाहीत." मी झाकण आणखी घट्ट केलं. समाजकार्यात अपमान गिळावा लागतो. म्हातारी बिचारी अनुराधपुरापर्यंत खोकत आली.

इस्पितळात आधी समितीपुढे बोलावलं. चार जण असतात, देणारा पैशासाठी किंवा कुणाच्या दडपणाखाली देत नाही ना हे पाहतात. योग्यच आहे. त्यांनी विचारलं, "का देताय?" अक्का, असा प्रश्न आणि असे श्रोते मला आयुष्यात प्रथमच मिळाले. मी बोललो. शेतावर फवारल्या जाणाऱ्या विषापासून राजाने कबुतरासाठी मांडीचं मांस दिलं तिथपर्यंत, आणि तिथून परत कामगारांच्या हक्कापर्यंत, चाळीस मिनिटं बोललो. एका सदस्याने झोपेत मान डोलावली. शेवटी समितीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, फार छान. पण तुमच्या अक्काचं नाव अजून एकदाही आलं नाही. एका वाक्यात सांगा ना, का देताय?"

मी पाणी मागितलं.

त्या म्हणाल्या, विचार करा, अक्काची संमतीची सही आणा, मग बोलू. मी कॅन घेऊन तपासणीच्या खिडकीशी गेलो. तिथल्या बाईंनी झाकण उघडलं, नाक आत घातलं, कॅन उजेडात धरला आणि मला नीट न्याहाळलं. "मास्तर, हे तुमच्यातून निघालं असेल तर ऑपरेशन राहू द्या. तुम्हालाच गावाला नळ जोडू."

पाणी होतं, अक्का. शुद्ध, फिल्टरचं, त्या म्हातारीला नाकारलेलं पाणी. मग दुसरा कॅन कुठे? घरी, चुलीपाशी. आणि घरी काय? दुपारी दोनला माझ्या अंगणात गावातर्फे माझा सत्कार, ऐंशी माणसं चहाला! मी सोमाला फोन लावला. अकरा वेळा लावला. ती कामात असली की फोन तांदळाच्या डब्यावर ठेवते आणि विसरते. मिळेल ती बस धरली आणि उभ्यानेच आलो. (बसायला जागा होती.)

(आलो. परत उठलो होतो.)

आमच्या फाट्यावर बस वळली आणि मला रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या पताकांच्या माळा दिसल्या. पांढऱ्या! कुणीतरी गेलं. मनात आलं, चहा झाला, ऐंशीतलं कुणीतरी प्यालं, आणि मी माणूस मारला. कुणाला मारलं? पताका आमच्याच गल्लीत वळत होत्या. वळणावर मोठा फलक, वर फोटो, आणि फोटो माझा. मी उभा होतो त्या सीटवरच्या बाईने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

झालं होतं असं की सत्काराची व्यवस्था आमच्या मरणाधार समितीने अंगावर घेतली होती. गावात खुर्च्या, मंडप, भोंगा आहे तो तिच्याकडेच. मयत झालं की दोन तासांत सगळं उभं करतात, हात बसलेला. फलकाची चौकटही तयार होती. खाली छापलेल्या "निर्वाणसुख लाभो" या ओळीवर तेवढं केळीचं पान टाचलं होतं, आणि ते वाऱ्याने फडफडत होतं. मी समितीचा सेक्रेटरी विजेपाल याची गचांडी धरली. "रंगीत पताका मिळाल्या नाहीत?" तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, आनंदासाठी वर्गणी कोण देतं?"

मी स्वयंपाकघरात धावलो. "सोमा, कॅन?" "फणसाच्या बुंध्याशी ओतला. मला नाक आहे." एवढं बोलून ती दूधभाताच्या वड्या कापू लागली. म्हणजे ऐंशी माणसं वाचली, पण माझे चोवीस तास फणसाला गेले. कालपासून पुन्हा साठवतोय, म्हणून हे उठणं. (आता कॅनवर पाटी आहे. अक्षर सोमाचं.)

मग सत्कार. विजेपालला भोंग्यापुढे बोलायची सवय एकाच प्रकारची, त्यामुळे मी मायाळू होतो, पाहुण्याला विन्मुख पाठवत नव्हतो, असं सगळं "होतो" मध्ये ऐकावं लागलं. शेवटी मुदलिहामी उठला. ऐंशी वर्षांचा, दोन मुलगे याच आजारात गमावलेला. त्याला कोण अडवणार? म्हणाला, "मास्तर तीस वर्षं सांगतो, एक किडनी समाजाची. समाज वाट बघत होता. माझी पोरंही बघत होती. आता अक्कावर आली तेव्हा गडी निघाला. असो, निघाला. बोलून दाखवणाऱ्याला करून दाखवायचं फार जड जातं. पाय बघा त्याचे, मघापासून लटपटतायत. तरी उभा आहे."

मला उत्तर द्यायला उभं केलं. अक्का, तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. दोन मिनिटं भोंग्यातून गावाला फक्त माझा श्वास ऐकू गेला. मग लोकांनी "साधु, साधु" असा गजर केला. एवढा गजर मला कुठल्याच भाषणाला मिळालेला नाही.

तर हा पुरावा. यात भीती कुठे दिसली असेल तर ओळ दाखव. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मल्ली,
कपुरुबंडा

ता. क. पत्र सोमाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पहिल्या ओळीपासून भीतीच आहे." बरं. भ्यालो आहे. फार भ्यालो आहे. रात्री डाव्या कुशीवर झोपत नाही, जाणाऱ्या किडनीला त्रास नको म्हणून.

ता. ता. क. विजेपाल पताका काढत नाही. म्हणतो, "गुरुवारपर्यंत राहू द्या, उगाच काढ-घाल नको." मी स्वतः काढल्या. शिडीवर चढून. हेही पुराव्यात धर.

शेवटची ता. क. सोबत संमतीचा कागद आहे. अंगठा चालतो म्हणाले, पण मी सही आणतो म्हणून सांगितलंय. मला शिकता यावं म्हणून तू शाळेचं तोंडही न पाहता शेतात उतरलीस, आणि नऊ वर्षांचा असताना मी तुला ओसरीवर कोळशाने नाव लिहायला शिकवलं. टिकिरिमेनिके; एवढं लांब नाव, आणि पहिलं अक्षर दरवेळी उलटं. मग एक दिवस रेशनच्या दुकानात तू शाईची डबी बाजूला सारलीस आणि पेन मागितलंस. त्या डॉक्टरीणबाईंना हवं होतं ते वाक्य हेच असावं, तिथे सुचलं नाही. शिकवण्याआधी, शिकवताना आणि त्या दिवशी दुकानात, तिन्ही वेळा माझं मन आनंदी होतं, अक्का. मी तुला दिलेलं तेवढंच आहे, आणि ते तुझ्या अंगी लागलं. त्या हिशेबात हेही धर आणि खाली सही कर. पहिलं अक्षर उलटं आलं तरी चालेल.