पेटीत नव्हतं ते

राहुरी, मंगळवार

प्रिय जास्मिन,

फोनवर हे बोलले असते तर तू मला झापलं असतंस आणि मी पुन्हा गप्प बसले असते. म्हणून लिहितेय. रागवायचं तर सगळं वाचून रागव. आपल्या सॅमसनला आपण पुरलं तेव्हा त्याचा मेंदू पेटीत नव्हता. तो पुण्याच्या एका केंद्रात संशोधनाला दिलाय. सही माझी आहे. गेलं वर्षभर ही गोष्ट मी तुझ्यापासून आणि आईपासून लपवलीय.

त्या दिवशी पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये त्याचा श्वास थांबला आणि तासाभरात एक डॉक्टरीणबाई आल्या. असे आवाज ऐकू येणाऱ्या आजाराच्या माणसांचे मेंदू आम्ही तपासतो, काही तासांतच काढावा लागतो, चेहऱ्याला धक्का लागत नाही, असं त्यांनी समजावलं. तुला विचारायला फोन हातात घेतला होता गं. पण तू नाही म्हणाली असतीस. मग पुण्याहून पेटी आणताना वाटेत सुप्याला तू कंपनीतून तशीच शववाहिनीत चढलीस. आठवतं? प्रत्येक खड्ड्याला पेटीवर हात दाबायचीस, भावाच्या डोक्याला लागेल म्हणून. राहुरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. खरं सांगते, तेव्हा मरून जावंसं वाटलं.

सही का केली, तेही ऐक. कुणी नसताना त्याला पहिल्यांदा आवाज ऐकू आले तेव्हा तो एकोणीसचा होता, तू नगरला होस्टेलवर. आईला वाटलं, देवानं हाक मारली. अन् मला, डी.एड. झालेल्या शहाणीला, तेच वाटलं! मीच त्याला रविवारी चर्चच्या उपासनेत, देव माझ्याशी बोलतो अशी साक्ष द्यायला उभं केलं. बायका रडल्या. त्याच्याकडून प्रार्थना करून घ्यायला माणसं घरी यायला लागली. भागूबाई तर पार खर्ड्याहून यायची. पाळकसाहेब बिचारे सांगत होते, आधी डॉक्टरला दाखवा. आई त्यांच्यावरच उखडली. यात अडीच वर्षं गेली. पुढे ते आवाज त्याला शिव्या द्यायला लागले, तेव्हा आम्ही म्हणालो, याचा विश्वास कमी पडला. मी म्हणाले, जास्मिन. माझ्या तोंडानं. निदान आता तरी कुणीतरी नीट तपासावं, म्हणून सही केली.

मागच्या महिन्यात मी त्या केंद्रात जाऊन आले. मेंदूचे पातळ काप काचेवर ठेवून बघतात. आजार नक्की कशानं होतो ते अजून नीट कळलेलं नाही, बाईंनी खोटी आशा दाखवली नाही. पण म्हणाल्या, असे आवाज येतात तेव्हा मेंदूतला ऐकण्याचा भागच जागा होतो. म्हणजे त्याला खरंच ऐकू येत होतं गं. ढोंग नव्हतं. परतताना एसटीत मी हमसून हमसून रडले. शेजारच्या बाईनं काही न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

आई अजून रोज दुपारी दफनभूमीत जाऊन बसते. परवा आली आणि ताटावर बसता बसता म्हणाली, पोरगं भेटलं, डोकं लई हलकं झालंय म्हनतो. माझी भाकरी तव्यावरच करपली. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. शेवटच्या दिवशी सगळे उठतील तेव्हा माझा सॅमसन मला अख्खा भेटेल, या भरवशावर ती जगतेय. पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं, तर म्हणाले, मातीतून उठवणाऱ्याला पुणं काही लांब नाही. आईला सांगायची हिंमत मात्र माझ्यात नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हापासून मला एका बाईचा आवाज येतो. ओळखीचा नाही. वर्गात, भर दुपारी, मुलं समोर असताना. हिनं खडू उचलला, आता वळली, आता घाबरली, असं माझं सगळं ती सांगत राहते. आत्ताही प्रत्येक ओळ ती माझ्या आधी वाचतेय. हे काय असू शकतं ते मला कळतं. तरी तीन महिने मी कुणाला बोलले नाही, त्या केंद्रातही नाही. नुसती प्रार्थनेला गुडघे टेकत राहिले, सॅमसनच्या वेळी केलं तेच. मला फार भीती वाटते गं. शनिवारी रजा टाक आणि ये. मला डॉक्टरकडे ने. वाटेत मी म्हणेन, आता बरं वाटतंय, परत फिरू. माझं ऐकू नकोस.

वाट बघणारी, तुझीच
ग्रेसताई