घरच्या माणसाला खुर्ची लागत नाही

ती. वहिनींना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? दादालाही नमस्कार सांगा, आणि त्याने वजन उतरल्याचं जे कळवलंय त्यावर माझा विश्वास नाही, हेही सांगा. मी मजेत आहे. कवळ्यांच्या कारखान्यात माझ्या हाताला अजून तोड नाही (हे मीच म्हणतो, पण कुणी नाकारलेलंही नाही).

तर आमच्या मोजपट्टीचं लग्न झालं. मोजपट्टी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा, एकेक दात तीनतीनदा मोजणारा तो. या परक्या देशात दुपारी माझ्यासोबत डबा खाणारा एवढा एकच माणूस. त्याच्या कार्यात आपल्याकडून काही उणं राहिलं, तर मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून जेवायला मोकळा, म्हणून मी अगदी जपून होतो. आमंत्रणासोबत एक चिठ्ठी होती: येणार की नाही, मासा खाणार की भाजी, लिहून पाठवा. मी हसून ती खणात टाकली. जवळचा माणूस 'येतो' म्हणून कधी लेखी देतो का? तुमच्या लग्नाला दोनशे सांगितले आणि साडेतीनशे आले, त्यातल्या कुणी चिठ्ठी पाठवली होती?

भर दुपारी, कोटाला कडक इस्त्री करून हॉलवर पोचलो. दाराशी फळा होता, कोण कुठल्या टेबलावर ते लिहिलेला. त्यात माझं नाव नव्हतं. दुसरा कुणी असता तर खट्टू झाला असता. मी लगेच ओळखलं की आपल्याला घरचा माणूस धरलंय, आणि घरची माणसं शेवटी बसतात. मग काय, बाह्या सरसावल्या आणि आत घुसलो.

वहिनी, तिथलं जेवण म्हणजे नुसता शुकशुकाट. वाढणाऱ्याने ताटली ठेवायची आणि पाठ फिरवायची. 'अजून घ्या' म्हणायला चिटपाखरू नाही. ती बाजू मी सांभाळली. एका आजोबांना (वरची कवळी आमच्याकडची, हसताक्षणी ओळखली) दुसरी ताटली आणून दिली. ते नको नको म्हणत होते, पण नको म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला हवं का? शेजारच्या बाईंनी तर ताटलीवर हात आडवा धरला, तेव्हा मला घरच्या आठवणीने गहिवरूनच आलं. त्यांनाही वाढली. स्वयंपाकघरातल्या मुख्य बाई बोटांवर काहीतरी मोजून दाखवत होत्या. मी त्यांना धीर दिला, "काळजी करू नका, पुरेल."

नाही पुरलं. तिथे माणशी एकच ताटली, मोजून करतात. फोटो आटपून नवरानवरी जेवायला बसली, तेव्हा त्यांच्या दोन ताटल्या आजोबांच्या आणि त्या बाईंच्या पुढ्यात होत्या, माझ्या भिडेखातर एकेक घास मोडलेल्या. मोजपट्टीने मला विचारलं, "तू बसलायस कुठे?" मी म्हटलं, "मी घरचा." नवरानवरीने पाव-लोणी खाल्लं. मी हळूच सटकलो. दुसऱ्या दिवसापासून तो दोन आठवडे रजेवर गेला. एकूण कार्य छान झालं, निदान पाहुणे तरी उपाशी गेले नाहीत.

आपला लाडका (असं मी धरून चालतो) धाकटा दीर

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात एक दुरुस्ती. फळ्यापाशी मी लगेच आत घुसलो नव्हतो. कोट टांगायच्या खुंट्यांपाशी वीस मिनिटं उभा होतो. फार वाईट वाटलं होतं, वहिनी.

पुन्हा ता. क. मोजपट्टी काल कामावर आला. दुपारी डबा घेऊन माझ्याच टेबलाशी बसला. मी माफी मागितली आणि दोघांना पुढच्या महिन्यात घरी जेवायला बोलावलं. त्याने अट घातली की मीही त्यांच्याबरोबर बसायचं, शेवटपर्यंत उठायचं नाही. मी कबूल केलंय. पण मी बसलो तर त्यांना आग्रह कोण करणार? तेव्हा काहीही करून तुम्ही या. तो नको म्हणेल. तुम्ही वाढा.