जिन्यावरून पडले

आई, आधी तुझ्या पाया पडते, मग बातमी सांगते. मला खोली मिळाली!

सिनेमात नटीच्या ऐवजी मार खाणारीला पगाराची स्लिप कोण देणार? जेवढ्या वेळा पडायचं, तेवढे रोख पैसे. म्हणून जो तो घरमालक हाकलत होता. काल ही म्हातारी मालकीणही फणकारली, “नोकरी नाही, तर खोली नाही. जिन्यावरून पडायचे कुणी पैसे देतं का गं?”

माझं डोकंच सणकलं. तिच्याच जिन्याच्या वरच्या पायरीवर गेले आणि दिलं स्वतःला झोकून. खांदा, कंबर, गुडघे धडाधड आपटत थेट तिच्या पायाशी. ती किंचाळली. मी उठून केस झटकले. म्हटलं, “याचे देतात.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “पडताना आधी डोकं कोपरात लपवलंस. हे सिनेमात शिकलीस?”

तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. “दाराला आतून दोन कड्या आहेत. मीच बसवून घेतल्या होत्या.”

मला कुठे लागलेलं नाही, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? तुझा जावई अजून येऊन दार बडवतो का? दादाला बजाव, पत्ता द्यायचा नाही.

माहेरी सुजलेलं तोंड घेऊन आले की मी म्हणायचे, जिन्यावरून पडले. तू लेप लावायचीस आणि शेजारणींना तेच सांगायचीस. आता बेधडक सांग, पोरगी जिन्यावरून पडते. पहिल्यांदाच ते खरं आहे.

तुझीच,
धाकटी