रस्त्याकडे तोंड केलेली खुर्ची

गुरुवार, ९ फेब्रुवारी १९७८, चौक

शाळा सुटल्यावर पाय उचलत नव्हते. बोटीवरची नोकरी सोडून आलेल्या सदूच्या हॉटेलात शिरले. फ्रान्समध्ये पाहिलं म्हणे, तशा त्यानं खुर्च्या बाहेर, रस्त्याकडे तोंड करून मांडल्यात. "बसा बाई, काय करायचं नाय, नुसता रस्ता बघायचा." कॉफी सांगून बसले. असं नुसतं कधी बसले होते मी?

तेवढ्यात एसटी समोरच थांबली. रस्त्याकडे तोंड करून बसलेली बाई, म्हणजे गाडीचीच वाट बघणार! "चला बाई, चढा लवकर," कंडक्टर ओरडला. सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. 'मी नुसती बसलेय' एवढं तोंडातून निघेना. उठले, चढले. कॉफी घेऊन सदू बघतच राहिला.

पुढच्या थांब्यावर उतरून मैलभर चालत आले. घर आमचं हॉटेलाच्या मागच्याच आळीत.