डावखुऱ्या अराइसो गोरोबद्दल विहीणबाईंना

ओत्सुने विहीणबाईंना येदोहून ओकुमाचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यापासून मी वाकलेलीच असते, त्यामुळे नमस्कार मुद्दाम केला असं समजा.) आपले गुडघे, व्याह्यांचा दमा आणि आपल्या घरचं लोणच्याचं पिंप ही तिन्ही ठीक असावीत. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. मला अवघड अक्षरं येत नाहीत, सोपी येतात तीही दुकानांच्या पाट्या वाचून शिकलेली, तेव्हा चुकलं तिथे आपण शहाण्या आहात, सुधारून घ्या.

आपलं पत्र काल नावाड्याने दिलं. आपल्या नातवाला, इसाकिचीला देवी आल्या, ताप चढलाय, तोंडावर पुरळ दिसायला लागलंय, हे कळलं. उशाशी टांगायला लाल वीराचं चित्र धाडा, ‘पण नीट पारखून, अस्सल, लेकाच्या हातचं’ असं आपण लिहिलंत. चित्र सोबत आहे. ते उघडण्याआधी हे पत्र पुरतं वाचा, नाहीतर आपण किंचाळाल आणि पोर दचकेल.

त्याचं असं झालं. यंदा थंडी ओसरताच आमच्या गल्लीतही देवी शिरल्या. फोडांच्या देवाला वीराचा धाक असतो आणि वीर लाल असला की जास्तच, हे आपण जाणताच. तेव्हा हामादाया प्रकाशकाने आमच्या मोकिचीकडे अराइसो गोरोचं चित्र फळीवर कोरायचं काम दिलं. हा गोरो म्हणे फोडांच्या देवाला मानगुटीला धरून समुद्रात भिरकावून आला. (मग देव दरवर्षी परत कसा येतो, ते विचारायचं नसतं.) चित्रकाराने माणूस झकास काढला होता, पोटऱ्या मुळ्यासारख्या, भुवया झाडूसारख्या. आता आमच्या धंद्यात चित्राचा पातळ कागद लाकडी फळीवर पालथा चिकटवतात आणि मागून दिसणाऱ्या रेघांवर कोरतात. म्हणजे फळीवर उलटं, छापल्यावर सुलटं. हा कागद कुणीतरी उताणा चिकटवला. नावाची चौकट रिकामी होती, अक्षरं नंतर कोरायची होती, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मोकिची चार दिवस मान खाली घालून नुसते दाढीचे केस कोरत बसला होता. त्याला अख्खा गोरो कधी दिसलाच नाही. त्याचा बाप असाच होता, मला चाळीस वर्षांत त्याने एकदाही अख्खी पाहिली नाही.

घाईत अक्षरांशिवायच छापून झालं, हामादायाच्या माणसाने दुकानापुढे दोरीला चित्रं टांगली, आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते आमच्या शेजारची तोफूवाली ओगिन. तिच्या धाकट्याला देवी आलेल्या. तिने वर पाहिलं आणि हातातली परात टाकून ओरडली, “अगं बाई! हा तर मेलेला!”

खरंच होतं. गोरोच्या अंगरख्याची उजवी बाजू वर आली होती. आपण जिवंत माणसं डावी बाजू वर घेतो, उजवी वर फक्त मढ्याला घालतात. तलवारही डाव्या हातात. लोक जमले. आजारी पोराच्या उशाशी प्रेत टांगायला दिलं म्हणून एका म्हाताऱ्याने दुकानावर मीठ फेकलं. (मीठ चांगलं होतं, वाया गेलं.)

हामादाया फळी काखेत मारून आमच्या दारात आला. “मोक्या, माझा वीर तिरडीवर बांधून दिलास की रे! आजपासून या घरात माझी एक फळी येणार नाही.” मोकिची पांढराफटक. सूनबाई आत रडायला लागली. मी डाळ ढवळत होते, तशीच पळी घेऊन बाहेर आले. म्हटलं, “मालक, एक सांगा. मेलेल्याला पुन्हा मारता येतं का?”

“काय?”

“जिवंत वीराला देव फोड आणू शकतो. मेलेल्याला काय आणणार? शिवाय सगळ्या घरांत उजवे वीर टांगून देवाला उजवीकडच्या वाराची सवय झालीय. हा डावीकडून हाणणारा.”

“आजीबाई, तुम्ही डाळ बघा,” म्हणाला. पण फळी जाळायला उचलली होती ती खाली ठेवली.

त्या संध्याकाळी ओगिनने गुपचूप एक चित्र नेलं. बाकी सगळ्या दुकानांतले उजवे वीर संपले होते. आजाराच्या बाराव्या दिवशी तिचा पोरगा उठून बसला, तांबड्या दाण्यांचा भात मागून खाल्ला. झालं! गल्लीत ज्यांच्याकडे सुलटा वीर असूनही पोरं तापत होती, ती सगळी हामादायाच्या दारात. त्याने रिकाम्या चौकटीत ‘परलोकाहून परतलेला अराइसो गोरो’ असं कोरून घेतलं. चित्रकार सांगत फिरतो की ही कल्पना त्याच्या डोक्यात तीन वर्षं घोळत होती. मोकिचीला आणखी चार डावखुरे वीर कोरायचं काम मिळालंय. तो कुणी काही विचारलं की नुसती मान हलवतो.

तर हे ते चित्र. अस्सल आहे, लेकाच्या हातचं आहे, आणि अंगरखा उलटा आहे. पोर बरं झालं की रीतीप्रमाणे गवताच्या होडीत घालून नदीला द्या. व्याह्यांना सांगा, धूर कमी ओढा.

आपली,
ओकुमा

ता.क. कागद उताणा मी चिकटवला. सूनबाई पाण्याला गेली होती, खळ वाळायला लागली होती, आणि माझ्या डोळ्यांना आता पातळ कागदाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. मोकिचीला ठाऊक आहे. हामादाया ओरडत होता तेव्हा त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली पाहिलं. माझ्या ओकियोला हे कळवू नका, ती भावाला चिडवेल.

आणखी एक. ओगिनच्या पोराच्या खपल्या चित्र नेण्याआधीच धरल्या होत्या. मी पाहिलं होतं. बोलले नाही.

शेवटचं. माझ्या उशाशी आईने चांगला सुलटा, उजव्या हाताचा वीर टांगला होता. त्याला रोज उदबत्ती लावायची. ती उदबत्ती लावायची आणि मी खाली खाजवायची. पुढचं आपल्याला माहीत आहे. सोयरीक ठरवायला आलात तेव्हा माझं तोंड बघून, मुलीच्या अंगावर कुठे वण आहेत का, असं आपण तीनदा विचारलंत. मला राग नाही, मीही विचारलं असतं. पण इसाकिचीचे हात मऊ लाल फडक्याने बांधून ठेवावे लागतील, आणि कुणीतरी ते बांधलेले हात धरून बसावं लागेल, दिवसरात्र, बारा दिवस. ते काम गोरोला जमत नाही. त्याच्या आईला, ओकियोला मागावरून उठवा. चुलीपासूनही सोडा. मागावरचं कापड उशिरा झालं तर व्यापाऱ्याला माझं नाव सांगा.

एवढ्यासाठीच लिहायला बसले होते. चित्र नाही टांगलंत तरी चालेल.