साहेबांना मी उठू दिलं नाही

ढकललं नाही गं ताई, ते स्वतःहून पडले! आणि दाजींना सांग, मला कामावरून काढलेलंही नाही. फोनवर अर्धं ऐकून तू पत्रात जे पानभर झापलंस, त्यात माझी खुशाली विचारायची तेवढी राहिली. असो. धाकट्याचा दंडवत घे, तुझा गुडघा कसा आहे ते कळव, आणि आता पुरतं ऐक.

आमच्या वृद्धाश्रमात सकाळच्या शिफ्टला प्रमुख नेमायचा होता. नावं दोन, मी आणि काकू (जुनी मदतनीस. तिच्या आवाजाने कानाने अधू आजोबासुद्धा दचकतात). म्हणून आम्हाला नेतृत्व शिकवायला बाहेरून एक टायवाले साहेब आले. जो पुढाकार घेईल त्याचं नाव ते वर कळवणार होते. मला ते पद हवंच होतं, ताई. (पगारासाठी नाही. बरं, पगारासाठीही.) पण सकाळभर माझा पुढाकार म्हणजे एक खिडकी उघडली, ती साहेबांनी बंद करायला लावली.

दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये साहेब म्हणाले, नेत्याचा लोकांवर विश्वास हवा, मी डोळे मिटून मागे पडतो, तुम्ही मला झेला. आणि पडलेच! आता आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलंय की पडणाऱ्याला झेलायचं नाही, दोघांची हाडं मोडतात. अंगाला लावून अलगद जमिनीवर उतरवायचं आणि नर्सबाईंनी तपासल्याशिवाय हलू द्यायचं नाही. काकूने लाथेने खुर्च्या उडवल्या, मी साहेबांना मांडीवरून घसरवत फरशीवर निजवलं. ते उठायला लागले तर काकूने खांदा दाबला. "सगळे असंच म्हणतात, काही नाही झालं म्हणून. पडा गप, आजोबा!" (माणूस चाळिशीचा.) मग माझ्या तोंडाला कोण आवरणार? बघत उभ्या बाकीच्या मदतनिसांना म्हटलं, तू उशी आण, तू नर्सबाईंना बोलाव, तू दारातल्या आजींना सांग घाबरू नका, काकू, तुम्ही टाय सैल करा. आणि काकूने केला, ताई! माझं ऐकून! नर्सबाई वरच्या मजल्यावर औषधं देत होत्या, त्या येईपर्यंत मी साहेबांचा हात धरून गप्पा मारत बसलो. आधी ते चिडले, मग हसू लागले, मग म्हणाले, इतका निवांत मी कित्येक वर्षांत पडलो नव्हतो. आणि घोरायला लागले.

थोडक्यात, तुझा भाऊ सकाळच्या शिफ्टचा प्रमुख झाला. दाजींना हे मोठ्याने वाचून दाखव.

ता. क. महिनाभर चाचणीवर आहे. आणि प्रमुखाला रोज सगळ्यांसमोर रात्रीचा अहवाल वाचावा लागतो. परवा वाचताना मी इतका अडखळलो की एका आजोबांना वाटलं, वारले कुणीतरी.

पुन्हा ता. क. म्हणून हे पत्र. रोज संध्याकाळी फोनवर मी तुला पेपर वाचून दाखवीन, चुकलो की ओरड. इथले लोक फार प्रेमाने समजावतात, त्याने माझ्या डोक्यात काही शिरत नाही. तुझ्या ओरडण्याने शिरतं. नाही म्हणू नकोस, ताई. फोन बंद पडल्याची सबब चालणार नाही, तुझ्या रिचार्जचे तीनशे पाठवतोय.