फरशीवरचं माप

प्रिय लवंगी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो की कुणीही आजारी नाही. दुकान जागेवर आहे, शिलाई मशीन कुरकुरत का होईना चालू आहे. फक्त माझं एक होतं. फोनवर तुझा आवाज आला की माझी जीभ लाडात येते, आणि बोलायचं ते राहून मी विनोद करत सुटतो. रविवारपासून तीनदा आपलं बोलणं झालं आणि तिन्ही वेळा मी तुला हसवून फोन ठेवला. म्हणून आज दुपारी शटर अर्धं खाली ओढलं, कापायच्या टेबलावरचं रेक्झीन बाजूला सारलं आणि लिहायला बसलो. शाळा मी सातवीत सोडली, तेव्हा काना-मात्रा इकडची तिकडे झाली तर सांभाळून घे.

मला भीती वाटते आहे, पोरी. आडपडदा न ठेवता सांगतो. शुक्रवारी तुझा शिकाऊ परवाना जाऊन पक्का हातात येणार. शनिवारी तू माझ्याकडून ती मोठी काळी मोटरसायकल नेणार, जुन्या गाड्यांच्या त्या व्यापाऱ्याकडे जाऊन कागदांवर सही करणार, तुझी आई मागे बसणार आणि तुम्ही दोघी घरी जाणार. सोमवारपासून नोकरी. गावोगावच्या विहिरींचं आणि टाक्यांचं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत आणायचं, म्हणजे रोज मागे बाटल्यांची पेटी बांधलेली. हे सगळं तू मला इतक्या आनंदाने सांगतेस आणि मी हूं हूं करतो. त्या हूं हूंच्या मागे काय चाललेलं असतं ते तुला दिसत नाही.

रविवारचंच बघ. तू ती काळी गाडी व्यापाऱ्याकडून चार-सहा दिवस बघायला म्हणून आणलीस. त्याच्याकडे तिच्या शेजारीच ती राखाडी हलकी गाडी होती, तिला तू डास म्हणालीस. तुझंही बरोबर आहे. मुलाखतीच्या दिवशी तिथला कोणी टोणगा बोलला ना तुला, की हिला बाटली भरायला आधी बाटलीवर उभं करावं लागेल? ते तुझ्या मनात रुतून बसलंय. त्यात व्यापाऱ्याने हवा भरली, "पहिलीच घ्यायची तर मोठी घ्या, पुन्हा बदलायला नको." मोठी गाडी घेतली की माणूस मोठा दिसतो, हे मला कुणी सांगायला नको. मीही बुटकाच आहे. तू गाडीवर बसलीस आणि नुसते चवडे टेकले. माझ्याकडे बघून म्हणालीस, "मामा, दोन बोटं उतरव ना. फक्त दोन बोटं." आणि मी एका शब्दानेही अडवलं नाही. सीट खोलली, फोम कापला, कडा घासल्या, परत बसवली. तू बसलीस, टाचा दुकानाच्या फरशीला टेकल्या आणि तुझा चेहरा असा उजळला की माझ्या तोंडून निघून गेलं, "वा! तुझ्याच मापाची."

तीस वर्षं मी गाड्यांच्या सीटा शिवतोय. कुणी शिकवलं नाही. एक फाटकी सीट उसवली, तिच्यासारखी दुसरी करायला गेलो, चार वेळा सुई बोटात घुसली, पाचव्यांदा जमलं. आता सीट बघून मी माणूस सांगतो. डावी कड दबलेली असेल तर तो सिग्नलला डाव्या पायावर रेलणारा. पुढचा भाग झिजलेला असेल तर घाबरट, टाकीला चिकटून बसणारा. मागचा अर्धा भाग कोरा करकरीत असेल तर त्या माणसाशी मी जरा हळू बोलतो. बुटक्यांचा तर मी कैवारीच. चार तालुक्यांतून लोक येतात, सीट उतरवून घेतात, पाय टेकले की हसत जातात. त्या हसण्यावर माझं पोट चालतं. आणि त्या धंद्यातली एक गोष्ट मी गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही. आम्ही माप घेतो ते दुकानात. दुकानाची फरशी सपाट असते. रस्ता सपाट नसतो.

दुकानामागच्या मोकळ्या जागेत तू दोन फेऱ्या मारल्यास तेव्हा तुझी आई टाळ्या वाजवत होती, म्हणून तिने बघितलं नाही. मी बघितलं. गटाराजवळच्या वळणावर तू थांबलीस, गाडी डावीकडे कलली, तू पाय टाकलास आणि जमीन तिथे जरा खाली होती. एक क्षण हँडल तुझ्या हातात नव्हतं, तू हँडलच्या हातात होतीस. कशी कोण जाणे, सावरलीस. अंगठा वर करून हसलीस. मीही अंगठा वर केला. तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेला नाही. जेवायला बसलो की तोच, मशीनच्या पायडलवर पाय ठेवला की तोच. काल एका सीटला टाके घालताना शिवण अशी वाकडी गेली की गिऱ्हाईक म्हणालं, "काका, चष्मा बदला." चष्मा ठीक आहे माझा.

इथून पुढे वाचताना आई शेजारी असेल तर कागदाची घडी घाल आणि नंतर एकटी असताना वाच.

तुझ्या आईचं उजवं मनगट पूर्ण वळत नाही. ती जिन्यात घसरली होती, असं तू ऐकत आलीस. जिन्यात काही झालं नव्हतं. तू तेव्हा दीड वर्षाची होतीस. मी आयुष्यातली पहिली गाडी घेतली होती, अशीच थोराड, भरल्या पिंपाएवढी जड. पाय पुरेनात म्हणून स्वतःच्या हाताने सीट तीन बोटं उतरवली. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, मी पाय पाहून अंथरूणच कापलं. दुकानात फरशीवर बसून बघितलं, तळवे टेकले, झालं. ताई तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवायची. तिच्या हातची अक्षरं तू बघितली नाहीस, म्हणून तुला सांगून कळायचं नाही. ब्रश टेकवला की शेवटापर्यंत हात उचलायची नाही. एका औषधाच्या दुकानाची लांबलचक पाटी मिळाली होती. मी म्हटलं, चल, सोडतो. ती रंगाचे डबे मांडीवर धरून मागे बसली. पुढची सीट मी उतरवलेली, मागची तशीच उंच. म्हणजे ती माझ्या डोक्यावर बसल्यासारखी. मोठ्या रस्त्याला लागायच्या तोंडाशी मी थांबलो. रस्ता गटाराकडे उतरता होता. डावा पाय टाकला आणि जमीन माझ्या फरशीहून चार बोटं खाली निघाली.

वेग नव्हता, समोरून कुणी आलं नव्हतं. उभ्या उभ्या कोसळलो आम्ही. पाय टेकेपर्यंत गाडी इतकी कलली होती की दहा माणसांनी पेलली नसती. ताईचा हात मागच्या लोखंडी दांडीखाली गेला. रस्त्यावर पिवळा रंगच रंग. मी तिला उठवायला गेलो तर दात आवळून पहिलं वाक्य काय म्हणावं? "घरी जिना सांग. नाहीतर हे तुला दारात उभं करणार नाहीत." तुझे बाबा तेव्हा तापटच होते. मी जिना सांगितला. बावीस वर्षं सांगतोय. संगणकावरच्या पाट्या आल्या आणि धंदा बसला, असं तुझी आई म्हणते. त्या पाट्या आपल्याकडे आल्या दोन वर्षांनी. ती शाळेच्या कचेरीत शिक्के मारायला लागली ते त्याच्या आधी. आणि मी कंबर दुखते म्हणून गाडी चालवत नाही, तेही खोटं. माझी कंबर ठणठणीत आहे. हे तू आईला विचारायचं की नाही ते तुझं तू ठरव. तो जिना तिने बांधलाय माझ्यासाठी, मला तो मोडवत नाही.

आता रविवारी काय झालं ते तुला कळलं असेल. फरशी तीच, माप घेणारा हात तोच, आणि मागे बसणारीही तीच. मी सोमवारी ताईला फोन करून भीत भीत म्हटलं, शनिवारी तू तिच्या मागे बसू नको, रिक्षाने जा. तर ती हसायलाच लागली. "किती वर्षं तेच चघळशील रे? मी बसणार म्हणजे बसणार. फार तर फार काय, दुसरं मनगट!" तिने ते कधीच सोडून दिलंय. मला सोडता येत नाही.

मंगळवारी मी दुकान बंद ठेवून त्या व्यापाऱ्याकडे गेलो आणि तुझा डास चालवायला मागितला. बावीस वर्षांनी हँडल हातात धरलं. घामाने मूठ घसरत होती, तीनदा गाडी बंद पडली. व्यापारी म्हणतो, "काका, ती चावत नाही हो, इतकी लांब धरू नका." त्याच्या आवारात गाड्या चढवायचा उतार आहे. मागच्या सीटवर पाण्याचे दोन भरलेले कॅन बांधले, उतारावर आडवा थांबलो आणि मुद्दाम खालच्या बाजूचा पाय टाकला. गाडी कलली. पण पेलली. पाच वेळा केलं, पाचही वेळा पेलली. आज सकाळी तेच तुझ्या काळीवर करून बघितलं, गटाराच्या कडेला. शेजारी जुन्या फोमचा ढीग रचून ठेवला होता म्हणून बरं. पहिल्याच खेपेला ती माझ्यासकट आणि कॅनसकट ढिगावर आडवी. आणि मी तुझ्याहून चार बोटं उंच, दंड तुझ्या दुप्पट. उचलायला शेजारचे दोघे बोलवावे लागले. तू एकटी कुठल्या तरी विहिरीवर असशील तेव्हा शेजारचे कुठून आणणार? पहिली गाडी कुठली घ्यावी असं तू मला महिन्यापूर्वी विचारलं होतंस आणि मी रंगावरून थट्टा केली होती. माझ्या अडाणी डोक्याला आता एवढंच कळतं की तिरकी झाली तर पेलता यावी आणि पडली तर एकटीला उचलता यावी. बाकी रंग, आवाज, लोकांचे डोळे, ते दुसऱ्या गाडीच्या वेळी बघ.

आणखी एक आगाऊपणा केलाय. काळीला नवा फोम घातला आणि सीट मूळची होती तेवढी केली. शनिवारी तुझे पुन्हा नुसते चवडे टेकतील. तुला न विचारता केलं, तेव्हा शिव्या घालायच्या असतील तर मनसोक्त घाल, फक्त गिऱ्हाइकांसमोर नको.

लवंगी, एवढं सगळं लिहिलं ते तुला अडवायला नाही. तू अडवून अडणारी नाहीस, आणि पगार तुझा, गाडी तुझी. तुला ती काळीच हवी असली तर मी पुन्हा कापीन, तू म्हणशील तितकी बोटं. मी लिहिलं ते एका मागणीसाठी. शनिवारी तू ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी ये, एकटी. आईला नंतर येऊ दे. मागच्या गटाराच्या कडेला, उतरत्या बाजूला पाय टाकून तू गाडी थांबवायची, आणि मागे मी बसणार. कॅन नाही, मी. आधी काळीवर, मग डासावर (तो मी व्यापाऱ्याकडून आदल्या दिवशी मागून आणतो), तुझं समाधान होईपर्यंत. या बावीस वर्षांत मी कुणाच्या मागेही बसलेलो नाही, हे तुझ्या कधी लक्षात आलं नसेल. हे फोनवर सांगितलं असतं तर तू हसली असतीस, मीही तुझ्याबरोबर हसून मोकळा झालो असतो आणि शनिवारी तुझ्या मागे ताईच बसली असती. पडायचं असेल तर तिच्या आधी मला घेऊन पड. मी बहुतेक डोळे मिटून घेईन, तुझा खांदाही दुखेपर्यंत धरीन. उतरणार मात्र नाही.

तुझाच, भ्यालेला पण मागे बसायला तयार,
मामा